अक्का यावलला गेली ते वर्ष

आईला काळजी करायला कारण लागत नसे. दूध तापायला ठेवलं की ते नासणार, वडिलांना पाळीवरून यायला जरा उशीर झाला की रस्त्यात सायकल घसरली असणार, गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्या की आभाळ येणार, आणि आभाळ नाही आलं तर कावळे येणार. "कसं होईल" हे तिचे शब्द आमच्या घरात सकाळी चुलीबरोबर पेटायचे. ती ज्याची काळजी करायची त्यातलं बरंचसं कधी व्हायचं नाही, आणि जे व्हायचं ते तिच्या मनातही आलेलं नसायचं. मी हे हसण्यावारी नेत असे, पण तिच्या त्या काळजीतूनच माझं शिक्षण झालं हेही खरं. माझ्यानंतर तिला मूल झालं नाही. जी काही काळजी करायची ती सगळी माझ्या वाट्याला आली, आणि तिचा भार दुसऱ्या कोणी उचलला, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

धुळ्याच्या जुन्या गल्लीत एका कापडवाल्या शेठच्या घरात वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. शेठ राजस्थानातले, पण त्यांच्या आजोबांपासून धुळ्यातच. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. वडिलांना मी भाऊ म्हणे. ते सूतगिरणीत कामाला होते, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. चौथं माणूस म्हणजे अक्का, भाऊंची मोठी बहीण. नात्याने माझी आत्या, पण भाऊ अक्का म्हणायचे म्हणून मीही अक्काच म्हणे. तिला साक्रीकडच्या एका गावात दिली होती. तिथून ती लवकरच परत आली. का आली, ते माझ्यासमोर कोणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. येताना तिने अंगावरच्या लुगड्याखेरीज काही आणलं नव्हतं. भाऊंनी कुठूनतरी जुनं पायमशीन मिळवलं, ते पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवलं, आणि त्या मशीनवर अक्का आपल्या पायांवर उभी राहिली.

आमच्या घराचा आवाज म्हणजे ते मशीन. सकाळची भांडी झाली की अक्का बसायची ती उन्हं कलेपर्यंत. लांब शिवण आली की मशीन एकसारखं धावायचं, बाहीचं वळण आलं की अडखळत चालायचं. भाऊ रातपाळी करून आले की त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपत. मशीन चालू असेतो त्यांना गाढ झोप लागे, थांबलं की जाग येई आणि ते विचारत, "काय झालं?" मी पाढे त्या आवाजात पाठ केले, कविता त्यात पाठ केल्या. गल्लीतल्या बायका ब्लाउजचं माप द्यायला येत आणि तासभर बसत. शेठाणी तर दुपारी काही निमित्त नसलं तरी जिना चढून यायच्या, अक्काजवळ पाटावर बसायच्या आणि सुनेच्या तक्रारी सांगायच्या. अक्का अहिराणीत बोलायची, शेठाणी त्यांच्या मारवाडी वळणाच्या मराठीत, आणि दोघींचं छान जमायचं. थंडीत अक्का भरीत करी. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर गच्चीत वांगी भाजायची, त्या धुराचा वास जिन्यापर्यंत उतरायचा. हिरव्या मिरच्या, लसूण, दाणे, वरून कच्चं तेल, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. शेठाणींच्या घरी कांदा-लसूण चालत नसे, पण त्या आमच्याकडे बसून बोटाने भरीत चाटून बघायच्या आणि घरी सांगू नका म्हणायच्या.

मी अकरावी झाले तेव्हा कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर एकदा भाऊंना रस्त्यात भेटले. मुलगी हुशार आहे, बारावीला जोर लावला तर मेडिकलला जाईल, मात्र घरात शांतता हवी, असं ते म्हणाले. ते बोलून आपल्या वाटेने गेले. भाऊंनी घरी येऊन जेवताना सांगितलं आणि त्याच क्षणी आईच्या सगळ्या सुट्या काळज्या एकत्र येऊन एक मोठी काळजी झाली. दुसऱ्या दिवसापासून रेडिओवर कापड पडलं. मिरची-मसाला कुटायचा तर मी कॉलेजात असताना. फोडणीचा ठसका नको म्हणून आमटी मिळमिळीत व्हायला लागली. चाळीसगावला मामाच्या मुलाचं लग्न होतं, आई आपल्या सख्ख्या भाच्याच्या लग्नाला गेली नाही. पाहुण्यांना येऊ नका असं सांगता येईना, तर ती जिन्यातच त्यांच्याशी बोलून त्यांना वाटेला लावायची. मला हे सगळं आवडत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. गल्लीत मुलींना भाकरी थापायला लावत होते तेव्हा माझ्यासाठी घर श्वास रोखून बसलं होतं. मला त्याचा गर्व होता.

आज माझ्या मुलाच्या घरी, जळगावात, नातीची बारावी चालू आहे. खिडक्यांना दुहेरी काचा लावून घेतल्या आहेत. टीव्ही कपाटात आहे. सून फोनवरसुद्धा बाल्कनीत जाऊन कुजबुजते. मी काही बोलत नाही. बोलले तर म्हणतील, आई, तुमचा काळ वेगळा होता.

माझ्या बारावीच्या त्याच दिवसांत अक्काच्या आयुष्यात एक चांगली गोष्ट व्हायची होती. शेठच्या दुकानाच्या पायरीशेजारी पत्र्याखाली एक कोपरा होता, रिकाम्या खोक्यांनी भरलेला. शेठाणींनी नवऱ्याच्या मागे लागून तो अक्कासाठी मागून घेतला. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लग्नसराई सुरू होते, दुकानात साड्या घ्यायला बायकांची रीघ लागते, त्यांना फॉल आणि ब्लाउज तिथल्या तिथे हवा असतो. मशीन तिथे मांडा, भाडं नको, असं शेठ म्हणाले. मात्र थंडीपासूनच बसायला लागा, म्हणजे सराईपर्यंत गिऱ्हाइकाला जागा माहीत होईल. अक्का एरवी आपल्याबद्दल फार बोलत नसे. त्या आठवड्यात तिने मला दोनदा दुकानापर्यंत नेलं, खोक्यांच्या मागे वाकून बघितलं, मशीन कुठल्या तोंडाने ठेवलं म्हणजे उजेड येईल ते मला विचारलं. पत्र्याला पांढरा रंग दिला तर ऊन कमी लागेल का, असंही विचारलं. वयाच्या चाळिशीला आलेली ती बाई मला तेव्हा माझ्यापेक्षा लहान वाटली होती.

मग कॉलेजात चाचणी परीक्षा झाली आणि त्यात माझी भौतिकशास्त्राची वाट लागली. कारण साधं होतं. मला तो विषय कळत नव्हता, आणि कळत नाही हे कोणाला सांगण्याची मला लाज वाटत होती. मी घरी येऊन गप्प बसले. आईने पेपर पाहिला, तिचा चेहरा उतरला. पुढच्या खोलीत मशीन चालू होतं. तिने माझ्याजवळ बसून हळूच विचारलं, "त्या आवाजाचा त्रास होतो का गं तुला?"

मी नाही म्हणाले नाही. हो सुद्धा म्हणाले नाही. वहीकडे बघत राहिले. आईला तेवढं पुरलं.

ती अक्काशी काय बोलली ते मी ऐकलं नाही. संध्याकाळी अक्काने भाऊंना सांगितलं की ती परीक्षेपर्यंत यावलला जाते आहे. तिथे तिचा चुलतभाऊ होता, केळीच्या बागा असलेला, घर मोठं, माणसं चांगली. भाऊंनी कोपऱ्याचं काय म्हणून विचारलं. मशीन खाली दुकानात नेलं तर वरचा आवाज जाईल, असंही ते म्हणाले. पण शेठना खोकी हलवायला, पत्रा नीट करायला महिनाभर लागणार होता, आणि तेवढा महिना मशीन आमच्याच खोलीत राहणार होतं. आई म्हणाली, त्याच महिन्यात अभ्यासक्रम संपवायचाय, कसं होईल? परीक्षा झाली की अक्का येतीलच, कोपरा कुठे पळून जातो? अक्का भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "पोरले शिकू दे. मशीन काय, कोठेबी चालस." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, किंवा मी तसं स्वतःला समजावलं. मी तेव्हा तोंड उघडून एक वाक्य बोलायला हवं होतं, मशीनचा मला त्रास होत नाही एवढंच. ते वाक्य मी पुढच्या आयुष्यात किती वेळा मनातल्या मनात बोलले असेन.

मशीनचं डोकं सोडवून गोधडीत बांधलं, खालचा लोखंडी सांगाडा एसटीच्या टपावर चढवला. भाऊ तिला पोचवायला गेले. शेठाणी स्टँडपर्यंत आल्या नाहीत, त्या आईवर रागावल्या होत्या. अक्काने बसच्या खिडकीतून मला सांगितलं की थंडीत गार पाणी पिऊ नकोस, घसा धरतो. गाडी सुटली.

घरात शांतता झाली. मला वाटलं होतं आता अभ्यास धावेल. झालं उलटंच. आवाज नसला की मला रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू यायची, खालच्या नळाची धार, आईच्या बांगड्या. भाऊंना दिवसा झोप लागेना. ते कूस बदलत राहायचे आणि डोळे लाल घेऊन पाळीला जायचे. आईने खिडकीशी मशीनच्या जागेवर माझं टेबल मांडलं होतं. भौतिकशास्त्र तिथेही कळलं नाही. शेवटी एका मैत्रिणीच्या वहीतून मी ते घोकून काढलं.

परीक्षा झाली. आखाजी जवळ आली. गल्लीतल्या सासुरवाशिणी माहेरी आल्या, झाडांना झोके बांधले गेले, दुपारी त्यांच्या गाण्यांचा आवाज येऊ लागला. भाऊ यावलला जाऊन अक्काला घेऊन आले. तिने माझ्यासाठी केळीचे वेफर आणले होते. हातपाय धुऊन, चहा पिऊन ती दुकानाकडे गेली, आणि मी तिच्याबरोबर गेले. पत्र्याखाली एक तरुण शिंपी बसला होता. पत्र्याला पांढरा रंग दिलेला होता. शेठ गल्ल्यावरून उठून आले. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. ते म्हणाले, बाई, मी थांबलो होतो, पण सराई तोंडावर आली, गिऱ्हाईक मागे फिरायला लागलं. याला काढू कसा आता? अक्काने मान डोलावली. तुमचं बरोबर आहे म्हणाली. मग त्या शिंप्याजवळ उभी राहून तिने त्याच्या हातातला ब्लाउज थोडा वेळ बघितला, आणि आम्ही घरी आलो. जिना चढताना ती एका पायरीवर जरा थांबली. मी मागे होते. तिचा चेहरा मला दिसला नाही. तो दिसला नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं, हे मला अजून बोचतं.

मशीन पुन्हा खिडकीशी लागलं, पण गिऱ्हाईक खालीच थांबू लागलं. जिना कोण चढणार? शेठाणी येत राहिल्या, त्यांचेच ब्लाउज अक्का शिवत राहिली. पावसाळ्याआधी ती म्हणाली की यावलला बायकांनी शिवायला कापडं देऊन ठेवली आहेत, ती पुरी करून येते. यावेळी मशीन टपावर चढवताना ती परत येणार नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणीही ते बोललं नाही.

निकाल लागला. मार्क चांगले होते, मेडिकलला पुरतील एवढे नव्हते. आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. आईने दोन दिवस नीट जेवण केलं नाही. भाऊ मार्कलिस्ट घेऊन कोणाकोणाला भेटून आले. मी गच्चीत जाऊन रडले, आणि मला वाटलं आता आयुष्य संपलं. मी बीएस्सी केलं, शाळेत शिक्षिका झाले, जळगावला लग्न झालं, मुलं झाली, निवृत्त झाले. त्या मार्कांविषयी मला पुन्हा कोणी विचारलं नाही. नोकरीच्या मुलाखतीत नाही, लग्न ठरवताना नाही. आई शेवटच्या दिवसांत माझ्याकडे होती. एकदा दुपारी तिचं डोकं विंचरत होते, तर तिने विचारलं, "शैला, तुला बारावीला पहिला वर्ग मिळाला होता का गं?" ज्याच्यासाठी तिने फोडणी सोडली, भाच्याचं लग्न सोडलं, आणि नणंदेला घराबाहेर काढलं, ते तिच्या आठवणीतून साफ पुसलं गेलं होतं. तिला आठवत होतं ते वेगळंच. ती म्हणाली, अक्कांचं मशीन बंद झालं त्या दिवसापासून तुझ्या भाऊंना कधी धड झोप लागली नाही. माझ्या हातून तेवढं व्हायला नको होतं. मी तिला सांगायला हवं होतं की ते तुझ्या हातून नाही, माझ्या गप्प बसण्याने झालं. तेव्हाही मी केस विंचरत राहिले.

जळगावहून यावल काही लांब नाही. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं, आणि मी तेच करत आले. दिवाळीला, आखाजीला, अधूनमधून, मी पिशवी भरून न्यायची. साडी, चादर, चांगला चहा, गुडघ्यांचं तेल. चुलतभावाच्या घरामागे तिला एक खोली होती. पुढे केळीत काम करणाऱ्या बायकांची चोळ्या-ब्लाउजांसाठी गर्दी, मागे सातपुड्याची निळी रेघ. ती मला बस म्हणायची. मी म्हणे, गाडीची वेळ झाली, यांना जेवायला वाढायचंय, वह्या तपासायच्या आहेत. तिच्यासमोर बसलं की मला त्या पत्र्याखालचा कोपरा दिसायचा. म्हणून मी बसत नसे. पिशवी ठेवली की थोडं हलकं वाटायचं, तेवढं हलकेपण घेऊन मी परत निघायची. किती वर्षं हे चाललं, मी मोजलेलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात गेले तेव्हा अक्का उन्हात बाजेवर बसली होती. नव्वदीकडे झुकलेली, दृष्टी गेलेली नाही पण मशीन केव्हाच सुटलेलं. तिची अहिराणी अजून धुळ्याकडचीच. यावलकडची बोली वेगळी, तिथल्या पोरी तिच्या बोलण्याला हसतात आणि तीही हसते. मी पिशवी बाजेशी ठेवली. त्या सकाळी घरी नातीच्या सराव परीक्षेवरून रडारड झाली होती, कमी पडलेल्या दोन-चार मार्कांसाठी सून आणि मुलगा एकमेकांशी बोलत नव्हते, आणि ते माझ्या डोक्यात होतं. काय झालं कोण जाणे, उभ्या उभ्याच मी अक्काला सगळं सांगून टाकलं. चाचणीचा पेपर, आईचा प्रश्न, माझं गप्प बसणं. मला त्या आवाजाचा कधीच त्रास झाला नव्हता, हे सांगितलं. तुझी जागा माझ्यामुळे गेली, म्हणाले.

मला वाटलं अक्का म्हणेल, जाऊ दे. इतक्या वर्षांत मनात मी त्याची तयारी केलेली होती, त्याच्यावर रडायचीही.

"माले ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "तू मशीनजवळच लहानी मोठी व्हयनी. तुले कसाना तरास?"

मग तिने सांगितलं की तिला राग होता. एखाद-दोन वर्षं चांगला राग होता, खोटं कशाला सांगू. पुढे इथे काम लागलं, माणसं लागली, आणि राग कुठे गेला तिला कळलंही नाही. त्या जागेचं तिला स्वप्नसुद्धा पडत नाही. शेठाणी मात्र कधी कधी स्वप्नात येतात, भरीत मागतात. मग अक्काचा आवाज बदलला.

"ते तं मी इसरी गयी. पन तू येस, पिशवी ठेवस, आनि गाडीना टाइम व्हयना म्हनस. इतला वरीस तेच. माले वाटे, पोरले मन्हाकडे येवाले जड जास."

ज्या गोष्टीसाठी मी स्वतःला इतकी वर्षं शिक्षा देत होते, ती तिने कधीच टाकून दिली होती. आणि त्या शिक्षेपायी मी तिच्याजवळ बसले नव्हते, ते मात्र तिच्या मनात राहिलं होतं. आई दुधाची, आभाळाची, मार्कांची काळजी करायची आणि मी तिला हसायची. मी माझी अपराधाची काळजी तशीच जपली, रोज तिच्यावर झाकण ठेवून, रोज उघडून बघून, आणि समोरचं माणूस म्हातारं होत गेलं. कोपरा गेला तेव्हा मी अठराची होते, गप्प बसले, ते कदाचित माफ होईल. नंतरच्या सगळ्या परतीच्या गाड्यांना वयाची सबब नाही.

त्या दिवशी मी बाजेवर बसले. पोटात भूक होती, घरून फोन येत होते. अक्का मला शेजारच्या दोन जावांच्या भांडणाची गोष्ट सांगत होती, एका रांजणावरून सुरू झालेली. ती फार लांबली आणि तिला शेवट नव्हता. दुपारची गाडी गेली, नंतरचीही गेली. मला हलकं वाटलं असं मी लिहिणार नाही. उलट, इतकी वर्षं काय काय ऐकायचं राहून गेलं, ते त्या एका गोष्टीवरून समजत गेलं. तरी मी उठले नाही.

परवा पुन्हा गेले. निघताना सुनेने विचारलं, आत्याआजींसाठी काही न्यायचं नाही का? मी नाही म्हटलं. अक्का आत भाकरीसाठी पीठ मळत होती, अजून एका माणसापुरतं मळते. माझे रिकामे हात बघून तिने विचारलं, "काय लयी उनी?"

काही आणलं नाही, मी म्हणाले.

"बरं करं," ती म्हणाली, आणि परातीत आणखी एक मूठ पीठ घातलं. "बठ."